संगणकास हार्ड डिस्क दिसेनाशी झाल्यास

(अभ्यासपाठ : पारोळा तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी)

१. पाठाचा हेतू



उन्हाळ्याची सुटी संपून जूनच्या मध्यास शाळा उघडते. वर्ग झाडले जातात, फळा काळा केला जातो आणि दीड महिना झाकून ठेवलेल्या संगणकाची कळ दाबली जाते. पंखा फिरू लागतो, दिवाही लागतो. परंतु नित्याचे चित्र न येता काळ्या पडद्यावर इंग्रजीत एखादी ओळ उमटते. तिचा भावार्थ इतकाच की, ज्यावरून काम सुरू करावे असे कोणतेही साधन संगणकास सापडत नाही. घरच्या संगणकावरही हाच प्रसंग एखाद्या दिवशी ओढवतो. कधी मुख्य डिस्क दिसते, पण जोडलेली दुसरी डिस्क, पेन ड्राइव्ह अथवा डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही.

अशा वेळी दोन उद्गार सर्रास कानी येतात. ‘डिस्क उडाली’ हा पहिला, आणि ‘फॉरमॅट मारून घ्या’ हा दुसरा. पहिला उद्गार म्हणजे तपासणीवाचून काढलेला निष्कर्ष होय. आणि दुसरा म्हणजे रोग न ओळखता दिलेले जालीम औषध होय. वस्तुतः डिस्क न दिसण्याची कारणे अनेक आहेत. सैल झालेली केबल, काढावयाचा राहिलेला पेन ड्राइव्ह, संपलेला छोटासा सेल अशी त्यांपैकी कित्येक कारणे तर शिक्षकास स्वतःच दूर करता येण्याजोगी आहेत. ती क्रमाने कशी शोधावीत, आणि कोठे थांबून जाणकाराच्या हाती काम द्यावे, हे समजावून देणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे. हार्डवेअरचे शिक्षण घेतलेले नसले तरी चालेल. आपल्यापैकी बहुतेकांनी एम.एस.-सी.आय.टी.चा अभ्यासक्रम पूर्ण केलेला आहे. तेवढे पूर्वज्ञान या पाठास पुरेसे आहे.

२. प्रश्न यंत्राचा नव्हे, माहितीचा

जनरल रजिस्टर आजही कागदी आहे व ते कपाटात सुरक्षित आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु इतर किती तरी गोष्टी आता डिस्कवर असतात. इ.स. २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आली; पुढे यू-डायस प्लसची माहिती भरणे आले. ही माहिती शासनाच्या संगणकावर जाते हे खरे. तथापि ती भरण्यासाठी तयार केलेले तक्ते, वर्षावर्षाची निकालपत्रके, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या नोंदी, पोषण आहाराचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभांची टिपणे आणि मुलांची छायाचित्रे ही सारी शाळेच्या किंवा शिक्षकाच्या घरच्या संगणकातच असतात. अनेक ठिकाणी त्यांची दुसरी प्रत कोठेही नसते.

संगणक बाजारात पुन्हा मिळतो. पाच वर्षांपूर्वीच्या इयत्ता चौथीचे मूल्यमापनाचे तक्ते बाजारात मिळत नाहीत. म्हणून पुढील सर्व विवेचनाचा पाया असा : माहिती वाचविणे हे पहिले काम, आणि यंत्र सुरू करणे हे दुसरे. ज्या कृतीने यंत्र सुरू होते, पण माहिती जाते, ती कृती दुरुस्ती नव्हे.

३. साठवणीच्या साधनांची ओळख

इ.स. १९५६ मध्ये अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने हार्ड डिस्कचा पहिला संच बाजारात आणला. त्यात प्रत्येकी २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. तो संच म्हणजे एक मोठे कपाटच होते. आज नखाएवढ्या ६४ जी.बी.च्या मेमरी कार्डात त्याच्या बारा हजारांहून अधिक पट इंग्रजी अक्षरे मावतात.

शाळेत व घरी आढळणारी साधने मुख्यतः दोन जातींची आहेत. पहिली, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. हिच्यात चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. म्हणजे सेकंदाला ९० किंवा १२०. त्यांवरून वाचक-शीर्ष तबकडीला न टेकता, केवळ काही नॅनोमीटर अंतरावरून सरकते. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड असतो. म्हणून फिरत्या डिस्कचे झाकण आपल्या हाताने कधीही उघडू नये. आत गेलेला धुळीचा एक कण वाचक-शीर्षाच्या वाटेत धोंड्यासारखा पडतो.

दुसरी जात सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एस.एस.डी.ची. हिच्यात फिरणारा भाग नाही. माहिती चिपांमध्ये विद्युत्भाराच्या रूपाने राहते. हिचा आवाज होत नाही, त्यामुळे ती चालू आहे की नाही हे कानाने कळत नाही. पेन ड्राइव्ह व मेमरी कार्ड हीही याच कुळातील होत.

जोडणीच्या रीतीही लक्षात असाव्यात. जुन्या संगणकांत ४० छिद्रांची रुंद, चपटी केबल असे, व एकाच केबलला दोन साधने जोडीत. त्यांपैकी एकास मुख्य व दुसऱ्यास दुय्यम ठरविण्यासाठी जंपर नावाची चिमुकली टोपी योग्य पिनांवर बसवावी लागे. दोन्ही साधने मुख्य ठरविली गेली की एकही धड दिसत नसे. इ.स. २००३ च्या सुमारास साटा नावाची जोडणी प्रचारात आली. हिच्यात प्रत्येक साधनास दोन जोडण्या असतात : माहितीची ७ संपर्कांची अरुंद केबल, आणि विजेची १५ संपर्कांची रुंद केबल. आपल्या शाळांतील बहुतेक डेस्कटॉप संगणक याच प्रकारचे आहेत.

४. ‘दिसत नाही’ म्हणजे कोणास दिसत नाही?

पारोळ्याचा भुईकोट किल्ला आपल्या सर्वांच्या पाहण्यातील आहे. भुईकोटात शिरणाऱ्यास प्रथम खंदक, मग दरवाजा, मग देवडी असे एकेक ठिकाण ओलांडावे लागते. माणूस आत पोहोचला नाही असे कळले, तर तो कोणत्या ठिकाणी अडला हा पहिला प्रश्न असतो. डिस्कचेही असेच आहे. तिच्यावरील माहिती आपल्या डोळ्यांपुढे येण्यापूर्वी पाच ठिकाणे ओलांडते.

पहिले ठिकाण विजेचे : डिस्कला वीज मिळाली पाहिजे.

दुसरे ठिकाण केबलचे : डिस्क व मदरबोर्ड यांची जोडणी नीट असली पाहिजे.

तिसरे ठिकाण बायॉसचे : कळ दाबताच संगणकात प्रथम जो लहानसा अंगभूत कार्यक्रम जागा होतो व जोडलेल्या साधनांची हजेरी घेतो, त्याने डिस्कचे नाव पुकारले पाहिजे. नव्या संगणकांत याची जागा यू.ई.एफ.आय.ने घेतली आहे. बोलताना त्यासही बायॉसच म्हणतात.

चौथे ठिकाण कार्यप्रणालीचे : विंडोजने डिस्क ओळखून तिच्यावरील विभाग वाचले पाहिजेत.

पाचवे ठिकाण अक्षराचे : विंडोजने त्या विभागास सी, डी, ई असे अक्षर दिले पाहिजे. (पहिली डिस्क ‘सी’ का, असे मुले विचारतात. ‘ए’ व ‘बी’ ही अक्षरे पूर्वीच्या फ्लॉपी ड्राइव्हांसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेली, प्रथा राहिली.)

तेव्हा ‘डिस्क दिसत नाही’ हे एक वाक्य नव्हे. त्यात पाच वेगवेगळी वाक्ये दडलेली आहेत. पाचव्या ठिकाणी अडलेली डिस्क अगदी निरोगी असते, तिला केवळ अक्षर हवे असते. पहिल्या ठिकाणी अडलेली डिस्कही निरोगी असू शकते, तिला वीज हवी असते. ‘डिस्क कोणत्या ठिकाणापर्यंत पोहोचते?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागली की निम्मे निदान झाले असे समजावे.

५. हात लावण्यापूर्वीची पथ्ये

(अ) पडद्यावरील संदेश जसाच्या तसा उतरून घ्यावा, किंवा मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढावे. जाणकारास दूरध्वनीवर सांगताना ‘काही तरी इंग्रजीत आले’ याचा उपयोग होत नाही.

(आ) यंत्र हमीच्या मुदतीत असल्यास किंवा कॅबिनेटवर मोहोर असल्यास ते उघडू नये, पुरवठादारास कळवावे. जडवस्तुसंग्रह नोंदवहीत खरेदीची तारीख पाहिली म्हणजे याचा उलगडा होतो.

(इ) कॅबिनेट उघडण्यापूर्वी संगणक बंद करून भिंतीवरील प्लग काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. नंतर संगणकाची कळ सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावी, म्हणजे आत उरलेला विद्युत्भार बराचसा निघून जातो. विजेचा डबा, ज्यास एस.एम.पी.एस. म्हणतात, तो मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या आत धोकादायक दाबाचा भार काही काळ राहतो.

(ई) आतील भागांस हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूस स्पर्श करावा. हिवाळ्यातील कोरड्या हवेत अंगावर साठलेला स्थिर विद्युत्भार चिपांना घातक ठरतो.

(उ) एका वेळी एकच बदल करावा, आणि तो लिहून ठेवावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या व यंत्र चालू झाले, तर कोणत्या गोष्टीने ते चालू झाले हे कधीच कळत नाही. मग दोष पुन्हा उद्भवला की पुन्हा अंधार.

(ऊ) विंडोजने ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू काय?’ असे विचारल्यास उत्तर नकारार्थी द्यावे. या पथ्यास अपवाद एकच : डिस्क कोरी व नवी असल्याची पूर्ण खात्री असेल तेव्हाच होकार द्यावा.

६. क्रमवार तपासणी

विहिरीवरील मोटार चालली नाही म्हणून कोणी शेतकरी लगेच पंप विहिरीबाहेर काढावयास लागत नाही. वीज आहे काय, फ्यूज शाबूत आहे काय, स्टार्टर ठीक आहे काय, हे तो प्रथम पाहतो. कारण या गोष्टी पाहण्यास खर्च नाही व श्रमही थोडे. हाच न्याय येथे लावावा. सोपे व निर्धोक आधी, अवघड व जोखमीचे नंतर.

पहिली पायरी : बाहेरून पाहणे. यंत्रास लागलेले सर्व पेन ड्राइव्ह, मेमरी कार्डे व डीव्हीडी काढून घ्यावीत आणि संगणक पुन्हा सुरू करावा. पुष्कळ संगणक प्रथम पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याचा प्रयत्न करतात; तेथे कार्यप्रणाली नसली की तक्रारीची ओळ दाखवून तेथेच थांबतात. येथे डिस्कचा काहीच दोष नसतो.

दुसरी पायरी : वीज. फिरती डिस्क सुरू होताना मंद घरघर ऐकू येते व कॅबिनेटला हात लावल्यास सूक्ष्म कंप जाणवतो. दोन्ही नसल्यास डिस्कला वीज पोहोचत नसावी, अथवा तिची मोटार अडलेली असावी. डेस्कटॉपमधील ३.५ इंची डिस्कला मोटारीसाठी १२ व्होल्ट व इलेक्ट्रॉनिक भागासाठी ५ व्होल्ट असा दुहेरी पुरवठा लागतो. यांपैकी एक तुटला तरी संगणकाचे इतर भाग चालू राहू शकतात. म्हणून ‘पंखा फिरतो, अर्थात् वीज आहे’ हे अनुमान अपुरे आहे. विजेची रुंद केबल काढून सरळ, घट्ट बसवावी. एस.एम.पी.एस.मधून निघालेली तशीच दुसरी केबल मोकळी असल्यास ती लावून पाहावी.

बाहेरून यू.एस.बी.ने जोडावयाच्या डिस्कची वीज त्याच केबलमधून येते. जुन्या प्रकारच्या यू.एस.बी. छिद्रातून ५०० मिलिअँपिअर, तर नव्या ३.० प्रकारच्या छिद्रातून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळावा असे ठरलेले आहे. कॅबिनेटच्या पुढील छिद्रांना आतून लांब तार जोडलेली असते, त्यामुळे तेथे वीज कमी पडण्याचा संभव असतो. डिस्क मागील छिद्रात, मदरबोर्डला थेट लावून पाहावी. केबलही बदलून पाहावी. मोबाइलच्या काही केबली केवळ चार्जिंगच्या असतात. त्यांतून वीज जाते, पण माहिती जात नाही.

तिसरी पायरी : केबल. माहितीची केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा बसवावी. उष्णतेने प्रसरण, थंडीने आकुंचन, पंख्याचा सततचा कंप आणि पावसाळी दमटपणा यांमुळे संपर्क हळूहळू बिघडतात. नुसते काढून बसविल्याने धातूवरचा पापुद्रा घासला जाऊन संपर्क पुन्हा जुळतो. याने भागले नाही तर पुढील अदलाबदल करावी. हा या पाठातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग आहे.

समजा, यंत्रात डीव्हीडी ड्राइव्ह आहे व तो नीट दिसतो. त्याची माहितीची केबल हार्ड डिस्कला लावावी, व हार्ड डिस्कची त्यास लावावी. मदरबोर्डकडील टोके मात्र हलवू नयेत. आता डिस्क दिसू लागली व डीव्हीडी दिसेनासा झाला, तर दोष केबलबरोबर गेला. म्हणजे केबल अथवा तिचे मदरबोर्डवरील छिद्र सदोष आहे. डिस्क तरीही दिसत नसेल, तर दोष डिस्कबरोबर राहिला. पहिल्या स्थितीत पुढे केवळ मदरबोर्डकडील टोके आपसांत बदलावीत. पूर्वी न दिसणारा ड्राइव्ह दिसू लागला तर छिद्र सदोष. तोच अजून दिसत नसेल तर केबल सदोष. ‘दोष कोणाबरोबर चालतो?’ या एका प्रश्नाने कोणत्याही मापनयंत्रावाचून निदान होते. प्रयोगानंतर सर्व जोडण्या पूर्ववत् कराव्यात.

चौथी पायरी : बायॉसची हजेरी. संगणक सुरू होताच डिलीट, एफ-२ किंवा एफ-१० यांपैकी जी कळ पडद्यावर सुचविलेली असेल ती वारंवार दाबावी, म्हणजे बायॉसचा पडदा उघडतो. येथे केवळ पाहावे; काही बदलू नये, आणि जतन न करता बाहेर पडावे. साधनांच्या यादीत तीनपैकी एक गोष्ट आढळेल.

डिस्कचे नाव मुळीच नाही : अडथळा वीज, केबल, छिद्र किंवा खुद्द डिस्क यांत आहे. मागील पायऱ्या पुन्हा तपासाव्यात.

नाव व आकार दोन्ही बरोबर आहेत : तीन ठिकाणे पार झाली. आता अडथळा सुरू होण्याच्या क्रमात, किंवा डिस्कवरील कार्यप्रणालीत आहे. डिस्क ‘उडालेली’ नाही हे येथे बहुतांशी ठरते.

नाव विचित्र अक्षरांचे आहे, किंवा आकार शून्य दाखविला आहे : डिस्कचा अंतर्भाग बिघडला आहे. येथे आपला प्रयत्न थांबवावा.

याच पडद्यावर तारीखही पाहावी. ती कित्येक वर्षे मागची असेल, तर मदरबोर्डवरील सेल संपला असे समजावे. हा नाण्यासारखा सेल ३ व्होल्टचा असून त्याचे नाव सी.आर. २०३२ असे असते. त्यातील २० म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास, आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी होय. बायॉसचे घड्याळ व अनेक यंत्रांत बायॉसच्या निवडी याच सेलवर जपल्या जातात. सेल संपला की यंत्र मूळच्या निवडींकडे परत जाते, सुरू होण्याचा क्रम बदलतो, आणि कधी कधी डिस्कशी बोलण्याची पद्धतही बदलते. ए.एच.सी.आय., आय.डी.ई. व रेड अशी या पद्धतींची नावे आहेत. ज्या पद्धतीत विंडोज बसविलेली होती ती बदलली, तर डिस्क बायॉसमध्ये दिसूनही विंडोज सुरू होत नाही. सेल स्वस्त आहे व पारोळ्याच्या बाजारातही मिळण्याजोगा आहे. यास्तव यंत्र चांगले चालू असतानाच बायॉसमधील या पद्धतीचे नाव व सुरू होण्याचा क्रम एका चिठ्ठीवर लिहून ती कॅबिनेटच्या आतील बाजूस चिकटवून ठेवावी. पुढे येणाऱ्या शिक्षकास ती चिठ्ठी फार उपयोगी पडेल.

पाचवी पायरी : कार्यप्रणाली व अक्षर. विंडोज सुरू होते पण दुसरी डिस्क दिसत नाही, अशा वेळी स्टार्टच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. डिस्क तेथे दिसते, विभाग ‘हेल्दी’ आहे, पण अक्षर नाही, असे असल्यास त्यावर उजवी कळ दाबून न वापरलेले अक्षर द्यावे, काम झाले. डिस्क ‘ऑफलाइन’ असल्यास ती ‘ऑनलाइन’ करावी. परंतु तिच्यासमोर ‘नॉट इनिशिअलाइज्ड’, ‘अनॅलोकेटेड’ किंवा ‘रॉ’ असे शब्द असतील, आणि तिच्यावर पूर्वी माहिती होती, तर काहीही न दाबता तो पडदा बंद करावा. नव्या, कोऱ्या डिस्कबाबत मात्र हीच स्थिती स्वाभाविक आहे, व तेथे ‘इनिशिअलाइज’ करणे योग्य आहे.

काही अलीकडच्या लॅपटॉपांत, विशेषतः इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही यंत्रांत, विंडोज नव्याने बसविताना डिस्कांची यादी रिकामी येते. डिस्क निरोगी असते. तिच्या नियंत्रकाचा ड्रायव्हर विंडोजच्या संचात नसतो. तो उत्पादकाच्या संकेतस्थळावरून पेन ड्राइव्हवर घेऊन त्या वेळी दाखवावा लागतो.

७. थांबावे कोठे?

फॉरमॅट केल्याने नेमके काय होते? ग्रंथालयातील सूचिपत्रे जाळून टाकली तर पुस्तके कपाटात राहतात, पण कोणते कोठे आहे हे कळत नाही. द्रुत फॉरमॅटने फिरत्या डिस्कवर साधारण असेच घडते. नवीन लेखन झाले नसेल तर तज्ज्ञास जुनी माहिती परत मिळू शकते. परंतु तिच्यावर पुन्हा विंडोज बसविली की नवी पुस्तके जुन्यांच्या जागी येतात, आणि त्या जागची जुनी कायमची जातात. एस.एस.डी.त तर फॉरमॅटनंतर रिकामी ठरलेली जागा साधन स्वतःच पुसून टाकते. तेथे माहिती परत मिळण्याची आशा फारच थोडी. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यास यंत्र देताना तोंडी नव्हे, तर चिठ्ठीवर लिहून द्यावे : ‘डिस्कवरील माहिती हवी आहे, फॉरमॅट करू नये.’

पुढील खुणा आढळल्यास यंत्र तत्काळ बंद करावे व पुन्हा सुरू करू नये : डिस्कमधून नियमित ‘टक् टक्’ असा आवाज येणे, जळका वास, डिस्क पडल्यानंतर दिसेनाशी होणे. ‘टक् टक्’ हा वाचक-शीर्ष आपली जागा शोधूनही ती न सापडल्याचा आवाज असतो, व प्रत्येक नव्या प्रयत्नाबरोबर तबकडीवरील लेप खरवडला जाण्याचा संभव असतो. डिस्क अधूनमधून दिसत असेल, तर दिसते त्या अवधीत सर्वांत महत्त्वाच्या फायली आधी उतरवून घ्याव्यात. प्रथम दुरुस्तीचा कार्यक्रम चालवू नये. आजारी डिस्कवर त्याचा ताण माहितीच्या मुळावर येतो.

डिस्कवर मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात हेही विसरू नये. इ.स. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला आहे. पण कायद्याआधीही ही आपली नैतिक जबाबदारी होतीच. डिस्क अनोळखी दुकानात सोडून येऊ नये, आणि निर्लेखनानंतर ती भंगारात जाण्यापूर्वी तिच्यावरील माहिती नष्ट झाल्याची खात्री करावी.

८. आपल्या भागातील निगा

खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखालील बंद खोलीत उष्मा याहूनही अधिक असतो. काळ्या मातीची धूळ बारीक असून पंख्यावाटे सहज आत शिरते. सुटीत उंदीर व पाली कॅबिनेटचा आश्रय घेतात, आणि उंदीर तारा कुरतडतात. म्हणून सुटीपूर्वी पुढील गोष्टी कराव्यात. प्लग व नेटची केबल काढून ठेवावी. कॅबिनेटच्या मागील उघड्या फटी बंद कराव्यात. यंत्र जमिनीवर न ठेवता टेबलावर, पत्र्यापासून दूर ठेवावे व सुती कापडाने झाकावे. प्लॅस्टिकखाली पावसाळ्यात ओल कोंडते. शक्य असल्यास सुटीत महिन्यातून एकदा तास-अर्धा तास यंत्र चालू करावे. माहिती असलेली एस.एस.डी. अथवा पेन ड्राइव्ह उष्ण जागी वर्षानुवर्षे न वापरता ठेवल्यास त्यातील विद्युत्भार क्षीण होऊन माहिती जाऊ शकते. म्हणून केवळ अशा साधनावर विसंबू नये.

सर्वांत मोठी निगा म्हणजे प्रती. महत्त्वाच्या प्रत्येक फायलीच्या तीन प्रती असाव्यात; त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात; आणि एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर असावी. संगणकात एक, कपाटातील बाह्य डिस्कवर दुसरी, आणि शाळेच्या अधिकृत खात्यावरील ऑनलाइन साठ्यात तिसरी, अशी सोपी योजना करता येईल. दिवाळीची सुटी व उन्हाळ्याची सुटी हे प्रती काढण्याचे ठरलेले दिवस मानावेत. बदली झालेल्या शिक्षकाने कार्यभार देताना किल्ल्या व नोंदवह्यांबरोबर ही बाह्य डिस्कही यादीत लिहून द्यावी.

९. वर्गातील उपयोग

ही विचारपद्धती इयत्ता पाचवी ते सातवीच्या मुलांना संगणकावाचूनही शिकविता येते. साधी विजेरी घ्यावी. मुलांच्या नकळत तिच्यात एक दोष करावा : एक सेल उलटा घालावा, किंवा सेल व स्प्रिंग यांच्यामध्ये कागदाची चकती ठेवावी, किंवा जळालेला दिवा बसवावा. मग मुलांना ती द्यावी. नियम दोन : एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलापूर्वी ‘मला काय दिसेल असे वाटते’ हे वहीत लिहावयाचे. चांगल्या विजेरीतील सेल, दिवा एकेक करून बदलताना ‘दोष कोणाबरोबर चालतो?’ हे मुलांनीच सांगावे. जे मूल दोष आधी शोधते त्यापेक्षा जे मूल तो कसा शोधला हे क्रमाने सांगते, त्याचे अधिक कौतुक करावे. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील प्रयोगामागचा विचार याच रीतीने मुलांच्या अंगवळणी पडेल.

१०. सारांश

डिस्क दिसत नाही असे दिसताच ती कोणत्या ठिकाणी अडली हे विचारावे : वीज, केबल, बायॉस, कार्यप्रणाली, की अक्षर. सोपे व निर्धोक ते आधी तपासावे. एका वेळी एकच बदल करावा. अदलाबदलीने दोष कोणाबरोबर चालतो ते पाहावे. माहिती असलेल्या डिस्कला फॉरमॅट करू नये, तिचे झाकण उघडू नये, आणि ‘टक् टक्’ ऐकताच थांबावे. आणि यंत्र उत्तम चालू असतानाच प्रती काढून ठेवाव्यात. कारण बिघाडानंतर प्रती काढण्याची वेळ टळून गेलेली असते.

केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

(१) पंखा व दिवा चालू असूनही डिस्कला वीज मिळत नसणे कसे शक्य आहे?

(२) बायॉसमध्ये डिस्कचे नाव व आकार बरोबर दिसत असताना ‘डिस्क उडाली’ असे का म्हणता येत नाही?

(३) बायॉसमधील तारीख मागे गेलेली आढळल्यास आपण कोणता भाग तपासाल, आणि तो बदलल्यानंतर कोणत्या निवडी पुन्हा पाहाल?

(४) डीव्हीडी ड्राइव्ह व हार्ड डिस्क यांच्या केबलींची अदलाबदल केल्यावर संभवणारे निष्कर्ष तक्त्याच्या रूपाने मांडा.

(५) आपल्या शाळेतील कोणत्या फायलींची दुसरी प्रत आज कोठेही नाही? त्यांची यादी करून पुढील परिषदेपूर्वी त्यांच्या प्रती काढा.